पडायला लागणारा वेळ

भुसा अण्णांच्या सॉ मिलमधला, जिंतूर रोडवरच्या.
बाभळीचा. दोन पोती.
अल्कलीत शिजवला, धुतला, पुन्हा शिजवला
लाकडातला तांबूस राग निघून जाईपर्यंत,
मग जे पांढरं उरलं
त्याच्या कडीकडीवर ऋणभार बसवला.
आता ते पाण्यात विरघळतं. दिसत नाही.

अण्णा विचारतात, काय करायलीस गं दिवसभर?
मी म्हणते, पाणी खाली पडताना बघायलेय.
ते हसत नाहीत.

काचेची नळी, केसाएवढी वाट,
वर एक रेघ, खाली एक रेघ.
द्राव वरच्या रेघेवरून सरकला की स्टॉपवॉच दाबायचं,
खालच्या रेघेला पुन्हा.
नुसतं पाणी: अठ्ठ्याण्णव सेकंद.
साखळीचं पाणी: दोनशे चौदा.
कोटगिरे सर म्हणतात, पुण्याला मशीन आहे,
प्रकाश टाकला की आकार सांगतं,
नंबर लागला की नमुने पाठवू.
नंबर दिवाळीनंतर.
तोवर परभणीत आकार म्हणजे
पडायला लागणारा वेळ.

शुद्ध पाण्यात साखळी लांब असते.
प्रत्येक कडीला शेजारची नकोशी,
दोघींचा भार सारखाच, सरक तिकडे, तू सरक,
म्हणून ती अख्खी पसरते
दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.
मग मी मीठ घालते,
चिमटीनं नाही, दशांशाची चार घरं मोजून.
सोडियम येऊन कड्यांपाशी घुटमळतो,
भांडण एकमेकींना ऐकू येईनासं होतं
आणि साखळी स्वतःतच गोळा होते,
थंडीत कुत्रं होतं तशी.
एकशे एक्याऐंशी. एकशे बावन्न. एकशे एकोणचाळीस.

यातलं मी काहीच पाहिलेलं नाही.

अण्णांनाही ओंडक्याच्या आतलं दिसत नाही.
करवत शिरते, आवाज जड होतो,
आणि ते पोऱ्याला हात करतात: थांब, गाठ हाय.
एकदा गाठ नव्हती, खिळा होता,
कुणी कधीकाळी झाडाला ठोकलेला,
झाडानं त्यावर साल ओढून घेतलेली.
त्या दिवशी पातं गेलं, अंगठ्याचं टोक गेलं.
अजूनही सांगतात, आवाज बरोबर होता,
माझं ऐकणं चुकलं.

मंगळवारी नळी म्हणाली, एकशे सात.
सगळ्यात खाऱ्या नमुन्याहूनही कमी,
आणि यात तर मी मीठ घातलंच नव्हतं.
पाच वेळा मोजलं. मधे लाईट गेली,
आल्यावर जलपात्र पस्तीस अंशांवर येईस्तोवर बसून राहिले.
एकशे सात.
फ्लास्क खिडकीशी धरला तर तळाला किंचित धुकं.

मुनीर मामू दारात उभे.
मॅडम, ऊर्ध्वपातित पाणी संपलं होतं,
बोअरचाच कॅन भरून ठेवला, सांगायचं राहिलं.

बोअरचं. सहाशे फुटांवरून आलेलं,
ज्यानं आईच्या पातेल्यांना आतून गिलावा केलाय,
ज्यात तूरडाळ दुपारपर्यंत टणटणीत राहते.
कॅल्शियम.
सोडियमला एक हात, याला दोन.
एका साखळीला धरतो, दुसरीलाही धरतो,
आणि सोडायचं कुणी शिकवलेलं नाही.

मामूंना वाटलं, आता ओरडेल.
मी वही ओढली, तारीख घातली.
पाणी: बोअर, विभागाची मागची बाजू.
वेळ: १०७.
शेऱ्याच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
तिथे शाईचा एक ठिपका पडलाय.

रात्री अण्णांना सांगितलं.
ते आखूड अंगठा भाकरीवर दाबत म्हणाले,
मग आधी आपलंच पाणी मोज की.
समुद्राचं काय घेऊन बसलीस,
समुद्र हाय कुठं इथं.

उद्या मामू पुन्हा तोच कॅन भरणार आहेत.
या वेळी मी सांगितल्यावरून.